चौथ्या गटाच्या गोधड्या

कुष्ठरोगाच्या जंतूइतका आळशी जीव मी दुसरा पाहिलेला नाही. बाकीचे जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात; याला तेरा-चौदा दिवस लागतात. काचेच्या बशीत तो वाढत नाही, नळीत वाढत नाही, कितीही लाड करा, ढिम्म हलत नाही. वाढतो तो जिवंत अंगातच, आणि अंगातही थंड जागा बघून. म्हणून आम्ही तो पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचतो, उंदीर एसीत ठेवतो आणि वाट पाहतो. आठ महिने, कधी बारा. माझी सतरा वर्षं या वाट पाहण्यात गेली आणि माझा स्वभाव मुळात वाट पाहण्याचा नाही. रिक्षावाल्याने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी दोन मिनिटं थांबवलं तर मी उतरून चालायला लागते.

आमच्या घरात सगळेच झटपट कामाचे. माझं माहेर जासई, सासर पनवेल. नवरा परेश जासईच्या एका यार्डात कंटेनर उतरवून घेण्याचं काम बघतो. सकाळी आलेला कंटेनर संध्याकाळपर्यंत हलला नाही की त्याचं डोकं फिरतं. सासूबाई तर जेवताना रोज माझी हजेरी घेतात.

“गो रंजिता, तुजा उंदीर बरा झाला का?”

“नाय.”

“मेला?”

“तोपन नाय.”

“मंग दिवसभर करतेस तरी काय?”

मोजते, हे खरं उत्तर. तळवा कापायचा, वाटायचा, थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली लाल काड्या मोजत बसायचं. हे सासूबाईंना एकदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तांदळातले खडे तरी वेच, घरात उपयोग होईल.

आमची संस्था पनवेलातच आहे, छोटी आहे, आणि तिचं नाव सांगून कुणाचंच भलं होणार नाही. तिथे गेली दोन वर्षं आम्ही एकाच प्रश्नाच्या मागे होतो. प्रश्न साधा होता आणि माझ्या जिवाचा होता: लस कधी द्यायची? जंतू अंगात शिरायच्या आधी दिली तर ती काम करते, हे आम्हाला आधीच दिसलेलं होतं. पण जंतू शिरायच्या महिनाभर आधी आमच्याकडे कोण येणार? येतात ती माणसं घरातल्या रोग्याच्या ताटात वर्षानुवर्षं जेवून आलेली असतात. जंतू आत शिरून बसलेला असतो आणि चोरपावलांनी वाढत असतो. अशा माणसाला उशिरा लस दिली तर चालते का, आणि उशिरा म्हणजे किती उशिरा, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

त्यासाठी उंदरांचे पाच गट केले. जुलैमध्ये सगळ्यांच्या तळव्यात पाच-पाच हजार जंतू सोडले. पहिल्या गटाला लस महिनाभर आधीच दिली होती. दुसऱ्याला त्याच दिवशी, तिसऱ्याला महिन्याने, आणि चौथ्याला थेट तीन महिन्यांनी, म्हणजे ऑक्टोबरात. पाचव्याला काहीच नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात एक बदल झाला, ज्याच्याकडे आमच्यापैकी कुणीही ढुंकून पाहिलं नाही. उंदरांची खोली सांभाळणारे बळीराम सप्टेंबरात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी शुक्रीमावशी आल्या.

शुक्रीमावशी आमच्याकडे दहा वर्षं काचसामान धुवायला होत्या. नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी आहे. आधीचं सगळं आयुष्य वीटभट्टीवर आणि दुसऱ्यांच्या शेतात गेलेलं. त्यांच्या हातून दहा वर्षांत एक नळी फुटली नाही, म्हणून मीच त्यांचं नाव पुढे केलं. पिंजरा कसा धुवायचा, भुसा किती घालायचा, पाणी कधी बदलायचं, अंघोळ करून, गाउन आणि टोपी घालूनच आत कसं जायचं, हे सगळं मी त्यांना तोंडी शिकवलं, कारण त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ते एकदाच ऐकलं आणि पाठ केलं.

ऑक्टोबरात चौथ्या गटाला लस टोचली तेव्हा उंदीर धरायला त्याच होत्या. त्यांचा हात इतका हलका की उंदीर चूं करत नव्हता. लशीने उंदीर दोन दिवस मलूल होतात, टोचलेल्या जागी गाठ येते, केस फुलवून बसतात. तिसऱ्या दिवशी मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“मॅडम, उंदरांना थंडी वाजतेय. अंग चोरून बसत्यात.”

माझ्यासमोर काच होती आणि आकडा तोंडात होता. तीनशे चौदा की तीनशे पंधरा, तो गेलाच.

“थंडीच पाहिजे तिथे,” मी म्हणाले. “तुम्ही तुमचं काम करा, मावशी.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

डिसेंबरात एकदा त्यांनी सहज सांगितलं की नवऱ्याने, शुक्राने, चुलीतलं पेटतं लाकूड उचललं आणि हात भाजला तरी त्याला कळलं नाही. मी काच बाजूला ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावून घेतलं. करंगळी वाकायला लागली होती. पाठीवर चट्टे. सतरा वर्षं मी हा रोग उंदरात पाहतेय, आणि माझ्याच खोलीत बाटल्या धुणाऱ्या बाईच्या घरात तो पाच-सहा वर्षं मुक्कामाला होता. गोळ्या सुरू झाल्या. या रोगाला औषध चांगलं आहे, लवकर धरला तर माणूस ठणठणीत होतो. पण नस मेली की ती परत येत नाही. शुक्राची करंगळी आता तशीच राहणार.

जानेवारीत आरोग्य खात्याची माणसं वाडीवर जाऊन घरातल्या सगळ्यांना तपासून आली. सगळ्यांना म्हणजे जे घरी होते त्यांना. मावशींचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर भट्टीवर गेले होते आणि या वर्षी पहिल्यांदाच सात वर्षांच्या दिपाला बरोबर घेऊन गेले होते. दिपा म्हणजे मावशींची नात. जन्मल्यापासून ती आज्याच्या मांडीवर वाढलेली, त्याच्याच गोधडीत झोपणारी. मी मावशींना बजावलं, पोर परत आली की पहिल्यांदा तपासून घ्या. तपासून झालं की रोग होऊ नये म्हणून अशा पोरांना एक गोळी देतात, ती चुकवू नका. त्या बरं म्हणाल्या. माझ्या सांगण्याला आता त्यांच्या घरात देवाच्या कौलाचं मोल होतं, हे मला कळायला हवं होतं.

मार्चमध्ये आम्ही निम्मे उंदीर कापले. मी मोजत असताना कुठली काच कुठल्या गटाची हे मला ठाऊक नसतं. काचांवर नुसते नंबर असतात आणि यादी आमच्या डायरेक्टरच्या, डॉक्टर सत्यजीतच्या, कपाटात असते. महिनाभर मान मोडून मोजलं आणि यादी उघडली. पाचव्या गटात, अपेक्षेप्रमाणे, तळव्यामागे दहा-दहा लाख. पहिल्यात वीस हजारांच्या आत. दुसऱ्यात जरा जास्त, तिसऱ्यात त्याहून बरेच जास्त. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. चौथा गट मात्र पाचव्याच्या शेजारी बसायला हवा होता, तो पहिल्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता. अठरा हजार. बावीस हजार. सोळा हजार.

सत्यजीत माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे आणि पुण्याचा आहे, म्हणून सहसा उत्साह दाखवत नाही. त्या दिवशी तो खुर्चीतून उठला.

“रंजिता मॅडम, तीन महिन्यांनी देऊनसुद्धा? म्हणजे इन्फेक्शन सेट झाल्यावर?”

“मी दोनदा मोजलंय, सर.”

“तिसऱ्यांदा मोजा.”

तिसऱ्यांदाही तेच. मग मात्र आम्ही दोघंही वेडे झालो. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी केलं. बाहेर आले तर मावशी पिंजरे धूत होत्या, आणि आनंद कुणाला तरी सांगायचा म्हणून मी त्यांनाच सांगितला.

“मावशी, आपली लस उशिरा दिली तरी चालते. जंतू आत शिरल्यावरसुद्धा.”

त्यांनी हात पदराला पुसले. “मंग आमच्या दिपाला टोचता येल?”

“येईल की. थोडं थांबा फक्त.”

मी हे हसत बोलले होते. उंदरातून माणसात यायला लशीला दहा-पंधरा वर्षं लागतात, बहुतेक लशी तर वाटेतच मरतात, हे मला पाठ आहे. पण त्या क्षणी तोंडातून आलं ते थांबा. हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला आणि चिडले, आणि तो मीच देऊन बसले.

मे महिन्याच्या शेवटी सत्यजीतला परिषदेच्या पोस्टरसाठी पिंजऱ्यांचे फोटो हवे होते. आमचा गोषवारा तिकडे स्वीकारला गेला होता, आणि पुढच्या आठवड्यात पूर्ण लेख पाठवायचा होता. उरलेले उंदीर अजून पिंजऱ्यात होतेच, ते जुलैत कापायचे होते. मी अंघोळ करून, गाउन चढवून, उंदरांच्या खोलीत गेले. आता हे लिहायलाच हवं की मी त्या खोलीत ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच आत जात होते; मार्चमधले उंदीर मावशींनीच डब्यांतून बाहेर आणून दिले होते. दर सोमवारी रजिस्टरवर माझी सही असते, ‘तापमान, पिंजरे, पाणी, भुसा पाहिले.’ मी पाहायचे, पण दारातल्या काचेतून. एका नजरेसाठी कोण अंघोळ करत बसणार? आणि चौथ्या गटाचे पिंजरे कोपऱ्यातल्या मांडणीवर, अगदी खालच्या फळीवर होते. दारातून ते दिसत नाहीत.

खोलीच्या आतल्या धुण्याच्या जागी दोरी बांधलेली होती. तिच्यावर तळहाताएवढे कापडाचे तुकडे वाळत होते, हिरव्या फुलांच्या जुन्या लुगड्याचे. एकावर एक दोन पदर, मधून धावदोरा, कडा आत मुडपलेल्या. मी एक हातात घेतला. टाके इतके बारीक आणि सरळ की मशीनने घातल्यासारखे.

“हे काय आहे, मावशी?”

“गोधड्या,” त्या म्हणाल्या. “उंदरांच्या.”

मी खाली वाकून चौथ्या गटाचा पिंजरा ओढला. आत भुशाच्या मधोमध गोधडीचा खोपा केलेला होता. त्यात पाच उंदीर एकमेकांत गुंतून, पाय पोटाखाली घेऊन, गाढ झोपले होते. पुढचा पिंजरा ओढला. तसंच. सगळे पिंजरे तसेच. मग पहिल्या गटाचा पाहिला, पाचव्याचा पाहिला. तिथे नुसता भुसा.

“यांनाच का?”

“यांनाच टोचलं ना माज्या समोर. आमच्या वाडीत टोचलेल्या पोराला वारा लागू देत नाय. लागला तर टोचलेलं वाया जातं. बाकीच्यांचं बळीरामदादांच्या वेळचं, ते मला ठावं नाय.”

“कधीपासून?”

“टोचलं तवापासून. दर आठ दिवसांनी उकळते. कडा शिवल्यात, नायतर दोरा पायात अडकतो.”

त्या अभिमानाने सांगत होत्या. मला खोलीतला एसी एकदम कानात घोंघावायला लागला. जंतूला वाढायला थंड तळवा लागतो. आम्ही खोली एकवीस डिग्रीवर ठेवतो ती त्याच्यासाठी, उंदरांच्या सुखासाठी नव्हे. सात महिने चौथ्या गटाचे तळवे गोधडीत, पोटाखाली, उबेत होते. जंतू कशाने अडला? लशीने अडला की लुगड्याने? कदाचित लशीने. कदाचित दोन्हींनी. सांगता येत नाही, आणि आता कधीच सांगता येणार नाही. निकाल खोटा ठरला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तो नुसता निकामी झाला होता.

मी जे बोलले ते इथे सगळं लिहीत नाही. मावशींना मी दहा वर्षांत कधी अरे-तुरे केलं नव्हतं, ते केलं. तुला कोणी सांगितलं होतं, तुला अक्कल आहे का, दोन वर्षं मातीत घातलीस, असं सगळं. त्या दोरीवरच्या गोधड्या एकेक काढून घडी करत राहिल्या. माझा श्वास संपला तेव्हा त्या खाली बघूनच बोलल्या.

“मी तुमाला सांगाया आलते, मॅडम. त्यांना थंडी वाजतेय म्हनून. तुमी म्हनल्या, थंडीच पायजे, तुमचं काम करा. थंडी कशापाय पायजे ते नाय सांगितलं. मला वाटलं, एसीचं बटन फिरवायचं नाय. ते मी नाय फिरवलं. उंदरांना सांभाळायचं हेच माजं काम, ते केलं.”

मी त्यांना झाडू कसा धरायचा इथपासून सगळं शिकवलं होतं, फक्त कारण सोडून. कारण सांगायला वेळ जातो, आणि मला आकडा सांभाळायचा होता.

एक गोधडी गाउनच्या खिशात घालून मी सत्यजीतकडे गेले आणि त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. मी सगळं सांगितलं.

“हे कुठे रेकॉर्डवर आहे?” त्याने शेवटी विचारलं.

“नाही.”

“म्हणजे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला...”

“मावशींना माहीत आहे. आणि उंदरांना.”

तो हसला नाही. मीही विनोद म्हणून बोलले नव्हते. त्याने कॉम्प्युटरवरचं पोस्टर खाली घेतलं, परत वर आणलं. चौथ्या गटाचा बुटका खांब त्याने केशरी रंगवला होता, सगळ्यांच्या डोळ्यांत भरावा म्हणून.

“बाईंना काढावं लागेल,” तो म्हणाला.

“मग मलाही काढा.”

“ते वेगळं आहे, मॅडम.”

“वेगळं कसं? त्यांनी गोधड्या घातल्या आणि मी तीस सोमवार पाहिल्याच्या सह्या केल्या. त्यांनी जे केलं ते लपवलं नाही. मी न पाहता पाहिलं म्हणून लिहिलं. खोटं कोण बोललं?”

सत्यजीतने चष्मा काढून डोळे चोळले. तो वाईट माणूस नाही, त्याचीही दोन वर्षं गेली होती. “गोषवारा मागे घ्यायचं पत्र तुम्ही लिहा,” तो म्हणाला. “मला जमणार नाही.”

पत्र लिहायला अडीच तास लागले. सात ओळींचं पत्र. ‘अनपेक्षित उष्णता’ असं आधी लिहिलं, मग ते खोडून ‘पिंजऱ्यात कापड’ लिहिलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं, पाच गट, नवे उंदीर, निकालाला सव्वा वर्ष. लिहिताना मला सत्यजीतचा राग आला, बळीरामांचा आला, त्यांना निवृत्त व्हायला दुसरा महिना मिळाला नव्हता का, आणि त्या जंतूचा आला, की मेल्या, तुला थंडीच कशाला लागते.

मग मी मावशींकडे गेले. त्या बाहेर पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, न उघडता. मी शेजारी बसले आणि माफी मागितली. नंतर ऑक्टोबरात जे दोन मिनिटांत सांगायचं होतं ते सांगितलं: जंतूला थंडी का आवडते, म्हणून तळवा का, म्हणून एसी का, आणि गोधडीने काय झालं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, म्हणजे उबेत तो वाढत नाही? मी म्हणाले, कमी वाढतो, पण माणसाला गोधडीत घालून रोग जात नाही, असलं काही मनात आणू नका. त्यांनी मान हलवली.

“मंग ती लस,” त्या म्हणाल्या. “उशिरा चालते ती. ती चालते का नाय?”

“माहीत नाही, मावशी. परत बघायचं.”

“मंग दिपाचं काय करायचं?”

“दिपाचं काय म्हणजे? तिला तपासलं ना? गोळी दिली ना?”

मावशींनी डब्याचं झाकण दाबून पाहिलं, ते बंदच होतं.

“दवाखान्याची आशाताई आलती,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिस झाले. भट्टीवरून आलेल्या पोरांना बघाया. मी म्हनलं, आमच्या दिपाला नको. आमच्या मॅडमचं विंजेक्शन येनार हाय, मॅडमनी थांबा म्हनून सांगितलंय. ती म्हनली, तरी बघू दे. मी नाय बघू दिलं. मला वाटलं, गोळी दिली तर विंजेक्शन देनार नायत.”

मी उठले. चूक नेमकी किती मोठी हे मोजायची मला सवय आहे, पण ही काचेवर पसरून मोजता येत नव्हती. “चला,” मी म्हणाले. “आत्ता. वाडीवर.”

स्कूटरवर मागे त्या गाउनशिवाय, टोपीशिवाय, पदर दाताखाली धरून बसल्या. नेऱ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाउसच्या भिंती आणि त्यावरून लोंबणारी बोगनवेल. पुढे रस्ता संपतो आणि चढ लागतो. दुपारी तीनचं ऊन होतं. मी मनात सारखी तीच बेरीज करत होते. भट्टीवरून येऊन पंधरा दिवस. आज्याच्या गोधडीत सहा वर्षं. माझं थांबा एप्रिलमधलं.

दिपा अंगणात चिंचोके खेळत होती. शुक्रा ओट्यावर बसला होता, मला पाहून त्याने वाकडी करंगळी दुसऱ्या हाताखाली लपवली. मी पोरीला सावलीत घेतलं, तिचा फ्रॉक खांद्यावरून सरकवला, पाठ पाहिली, पोट पाहिलं, पाय पाहिले. भट्टीची धूळ अजून कातडीत होती. पाठ स्वच्छ. पाय स्वच्छ. माझा जीव जरा खाली येत होता, तेवढ्यात तिने डावा हात वर करून केस मागे सारले आणि दंडाच्या मागच्या बाजूला मला एक डाग दिसला. चिंचोक्याएवढा, बाकीच्या अंगापेक्षा फिकट. कडा अस्पष्ट.

“हा कधीपासून?” मी विचारलं.

“भट्टीवरून आली तवा व्हता,” मावशी म्हणाल्या. “आमी म्हनलं, उन्हाचा आसंल.”

पोरांना असे डाग पन्नास कारणांनी येतात. जंतापासून येतात, उन्हाने येतात. हे मी त्यांना मोठ्याने सांगितलं आणि स्वतःलाही. डॉक्टर मी नाही, मी मोजणारी. पण एक साधी परीक्षा मला येते, कुणालाही येते. कापसाची वात हवी होती, ती नव्हती. खिशात हात घातला तर सत्यजीतच्या टेबलावरून उचललेली गोधडी होती. तिचा एक कोपरा मी पिळून टोकदार केला.

“दिपा, एक खेळ खेळू या,” मी म्हणाले. “तू डोळे मीट. मी तुला हळूच हात लावीन. जिथे लावीन तिथे तू बोट ठेवायचं.”

तिने डोळे घट्ट मिटले आणि हसायला लागली. मी कपाळाला टोक लावलं. तिने लगेच बोट ठेवलं. गाल. बोट गालावर. गुडघा, उजवा कोपर, डाव्या हाताचं मनगट. एकदाही चुकली नाही, उलट माझ्या आधीच बोट येत होतं. शुक्री आणि शुक्रा दोघंही वाकून पाहत होते. मग मी डाव्या दंडामागच्या फिकट जागेवर टोक लावलं.

दिपा डोळे मिटून हसत बसली होती. मी पुन्हा लावलं, जरा दाबून. तिचं बोट हवेत तयार होतं. तिसऱ्यांदा लावलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

“लावा ना,” दिपा म्हणाली. “मी कवाशी थांबलेय.”